नवं म्हणून जुनं मशीन गळ्यात मारलं: चामडं कापणारं सीएनसी घेण्याआधी हे वाचा

डिचोली औद्योगिक वसाहतीत आमची छोटी शेड आहे. हॉटेलांसाठी चामड्याचे मेनू फोल्डर, बिलाची पाकिटं, खोलीच्या चावीचे टॅग, शिवाय पट्टे आणि बॅगा असं काम चालतं. आम्ही दोघं नवरा-बायको आणि नऊ कामगार. गोव्यात ऑक्टोबरला पर्यटनाचा हंगाम उघडतो, म्हणून हॉटेलवाल्यांना माल चवथीच्या आसपास हातात हवा असतो. म्हणजे जून, जुलै, ऑगस्ट हे आमचे जीव काढणारे महिने.

कापायचं काम काकांकडे. नात्यातले नव्हेत, पण शेडमध्ये सगळे त्यांना काकाच म्हणतात. चामडं टेबलावर पसरलं की ते आधी नुसता हात फिरवतात. गोचिडीचे डाग, काटेरी तारेचे ओरखडे, मानेजवळच्या सुरकुत्या, पोटाकडचा ताणला जाणारा सैल भाग, सगळ्यावर पांढऱ्या पेन्सिलीने खुणा करतात आणि मगच पुठ्ठ्याचे साचे मांडून रापी चालवतात. पट्टा नेहमी पाठीच्या कण्याच्या दिशेने काढायचा, नाहीतर सहा महिन्यांत लांबतो, हे मला त्यांनीच शिकवलं. पण आता त्यांचा अंगठा दुखतो. गेल्या वर्षी दोन ऑर्डरी वेळेत कापून झाल्या नाहीत म्हणून हातच्या गेल्या, तेव्हा मशीन घ्यायचं ठरलं.

चौकशी आम्ही नीट केली होती. साच्याने दाबून कापणारी क्लिकर प्रेस स्वस्त पडते, पण प्रत्येक डिझाइनला वेगळा लोखंडी साचा करावा लागतो आणि आमच्याकडे दर हॉटेलचं माप वेगळं. लेझर पाहिलं. त्यात कडा करपतात, फोल्डर उघडला की जळका वास येतो, आणि त्याच मशीनवर कुणी पीव्हीसीचं रेक्झिन कापलं तर हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, जो माणसाच्या फुप्फुसाला आणि मशीनच्या लोखंडाला सारखाच वाईट. म्हणून ऑसिलेटिंग नाइफ, म्हणजे वरखाली थरथरणाऱ्या पात्याचं संगणकावर चालणारं (सीएनसी) मशीन घ्यायचं ठरवलं. टेबलाखालून हवा ओढून चामडं घट्ट धरायचं, आणि वर पातं फाइलमधल्या रेघेप्रमाणे फिरतं. निवड बरोबर होती, आजही मला तसंच वाटतं. फसलो ते पुढे.

2025 च्या एप्रिलमध्ये आम्ही परराज्यातल्या एका शोरूममध्ये डेमो बघायला गेलो. दुकानाचं नाव लिहीत नाही, प्रकरण न्यायालयाच्या वाटेवर आहे. शोरूम चकाचक. माणसाने टेबलावर काळ्या रेक्झिनचा एक सरळ चौकोनी तुकडा टाकला आणि बटण दाबलं. चार मिनिटांत वीस तुकडे, कडा आरशासारख्या. मी विचारलं, ‘‘आम्ही गाईचं चामडं वापरतो, आकार वेडावाकडा असतो, डाग असतात. ते कापून दाखवाल?’’ ‘‘मॅडम, लेदर तर याहून सोपं. आज इथे पीस नाहीये, नाहीतर दाखवलं असतं.’’ आमच्या गाडीत एक चामडं होतं. घेऊन येते म्हटलं, तर म्हणाला की वेगळं पातं लावावं लागेल, ऑपरेटर जेवायला गेलाय. मी तिथेच थांबायला हवं होतं. ऑपरेटर परत येईपर्यंत. संध्याकाळ झाली असती तरी.

‘‘नवंच ना?’’ असंही विचारलं होतं. ‘‘सील पॅक, मॅडम.’’ सर्वो मोटर, म्हणजे आपली जागा स्वतः तपासत फिरणारी? हो. 9 किलोवॅटचा व्हॅक्यूम ब्लोअर? हो. चामड्याचं नेस्टिंग करणारं, म्हणजे कमीत कमी वाया जाईल असे तुकडे मांडणारं सॉफ्टवेअर, कॅमेऱ्यासकट? हो. दोन वर्षांची सर्व्हिस? हो.

आणि कोटेशनवर काय होतं? एक पान. ‘सीएनसी लेदर कटिंग मशीन, 1 नग, 12,50,000. जीएसटी 18 टक्के, 2,25,000. एकूण 14,75,000.’ खाली पैशांच्या अटी आणि बँकेचा खाते क्रमांक. नवं की जुनं, ते नाही. मोटर कुठली, ब्लोअर किती किलोवॅटचा, सॉफ्टवेअरचं नाव काय, मशीन कुठल्या सालात बनलं, एक अक्षर नाही. वकिलांनी तो कागद हातात घेतला तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘‘बाकीचं कुठे आहे?’’ बाकीचं सगळं तोंडी होतं. तोंडी दिलेले होकार त्या माणसाला आज आठवत नाहीत. म्हणून हे लिहितेय. त्यांनी कागदावर खोटं लिहिलंच नाही. जे कोरं ठेवलं, तिथे आम्ही लुबाडले गेलो.

पैसे असे गेले: 40 टक्के ऑर्डर देताना, म्हणजे 5,90,000. मशीन निघण्याआधी 50 टक्के, 7,37,500. उरलेले 1,47,500 मशीन बसवल्यावर. नव्वद टक्के रक्कम मशीनचं तोंड न बघता दिली. बहुतेक हिस्सा बँकेच्या कर्जाचा होता. बँकेने कोटेशन मागितलं आणि परस्पर विक्रेत्याला पैसे दिले. बँक बघते आहे म्हणजे व्यवहार तपासला गेलाय, असा आमचा समज होता. बँक कागद बघते, मशीन बघत नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, धो धो पावसात, पत्रादेवीच्या नाक्यावरून ट्रक आला. हायड्रा क्रेनने उतरवून घेतलं. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं, ताज्या रंगाचं. बसवायला आलेला मुलगा दोन दिवस राहिला, त्यानेही रेक्झिनच कापून दाखवलं, आणि परतीची गाडी पकडायच्या घाईत संध्याकाळी साडेसहाला एका फॉर्मवर सही मागितली. ‘मशीन समाधानकारक चालू करून दिले.’ त्याच रात्री शेवटचा हप्ता गेला.

दुसऱ्या दिवशी काकांनी पहिलं खरं चामडं टेबलावर पसरलं.

रेक्झिनचा चौकोनी तुकडा टेबल पूर्ण झाकतो आणि त्यातून हवा जात नाही, म्हणून साधा ब्लोअरही तो धरून ठेवतो. चामड्याचं तसं नसतं. पायांचे कोपरे बाहेर, बगलेत खड्डे, चारी बाजूंना टेबल उघडं. तिथून हवा निसटते आणि प्रत्येक कापलेल्या रेघेगणिक आणखी निसटते. उघड्या जागी आम्ही प्लास्टिक अंथरलं, तरी तिसऱ्या तुकड्यापाशी चामडं पात्याबरोबर सरकलं. फोल्डरचा कोपरा तिरका गेला. गोल काढायला सांगितला तर सुरुवात आणि शेवट दीड मिलिमीटरने चुकले. ब्लोअरच्या पाटीवर रंग मारलेला होता. तो खरवडला. 4 किलोवॅट.

सॉफ्टवेअरची गोष्ट याहून वाईट. त्यात कापडाच्या ठाणासाठी असतं तसं नेस्टिंग होतं, सरळ आयतात तुकडे बसवणारं. चामड्याला बाह्यरेखा लागते. डाग कुठे, चांगला भाग कुठे, ताण कुठल्या दिशेला, हे सांगता आलं पाहिजे. चांगल्या मशीनवर चामड्यावरच्या खुणा कॅमेरा वाचतो किंवा प्रोजेक्टर वरून तुकड्यांचे आकार टाकतो, आणि माणूस ते डागापासून हलवतो. आमच्याकडे कॅमेरा होता, पण तो सॉफ्टवेअरला जोडलेलाच नव्हता. नुसता वर लटकत होता. चामडं चौरस फुटावर विकत घ्यायचं आणि मशीनने गोचिडीच्या डागावरच मेनूचं मुखपृष्ठ कापायचं. पहिल्या आठवड्यात आम्ही जेवढं वाया घालवलं तेवढं काकांनी वर्षात घालवलं नसेल. नव्वदाव्या दिवशी स्क्रीनवर ‘परवाना संपला’ अशी सूचना आली आणि तेही बंद पडलं.

पण माझ्या मनात जे रुतून बसलंय ते वेगळं. जुलैत दमट हवेने टेबलावर चामड्याखाली अंथरलेल्या जाड कापडाची, फेल्टची, कड सुटली. काका ती परत चिकटवायला बसले आणि त्यांनी मला हाक मारली. ‘‘बाय, हे बघ गो.’’ फेल्ट नवा होता, पण खालच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर बारीक ओरखडे होते. शेकडो. टॉर्च आडवा धरला तेव्हा आकार दिसले. गोलसर, पुढे निमुळते, मागे टाचेचा घेर. जोड्यांच्या वरच्या भागाचे तुकडे. कुणीतरी या टेबलावर वर्षानुवर्षं जोडे कापले होते. आम्ही आयुष्यात जोडा केलेला नाही. काका काही बोलले नाहीत, त्या रेघांवरून बोट फिरवत राहिले, चामड्यावर फिरवतात तसं.

मग मी ई-वे बिल काढून पाहिलं. माल निघाल्याचं ठिकाण शोरूमचं शहर नव्हतं. आग्रा होतं. तो कागद ट्रकबरोबर माझ्या हातात आला होता आणि मी फाइलला लावून मोकळी झाले होते. मशीनच्या पायाशी ‘सर्वो’ असं लिहिलेलं स्टिकर होतं, ते काढल्यावर आतली मूळ पाटी सापडली: साल 2016, आणि मोटर साधी स्टेपर.

दुसरा घाव जीएसटीचा. 2,25,000 रुपये इनपुट क्रेडिट म्हणून, म्हणजे आम्ही भरायच्या करातून, वळते होतील हे हिशेबात धरलं होतं. पण 1 जानेवारी 2022 पासून नियम असा आहे की विक्रेत्याने आपल्या विवरणपत्रात ते बिल दाखवलं तरच ते आपल्या जीएसटीआर-2बी या खरेदीच्या यादीत येतं, आणि तरच क्रेडिट मिळतं. आमचं बिल आलंच नाही. जीएसटीच्या संकेतस्थळावर कुणाचाही क्रमांक टाकला की नोंदणीची तारीख, नोंदणी चालू आहे की रद्द, आणि विवरणपत्रं भरली जातात का, हे फुकट दिसतं. लॉगिनही लागत नाही. दोन मिनिटांचं काम. ‘वीस वर्षांचा अनुभव’ सांगणाऱ्या त्या दुकानाची नोंदणी आमच्या डेमोच्या सात महिने आधीची होती.

फोन आधी उचलत होते, मग ‘साहेब चीनला गेलेत’, मग बंद. माझे यजमान तिकडे जाऊन आले. जागा भाड्याची होती, कुलूप होतं.

ग्राहक आयोगाकडे जायचं ठरवलं होतं. वकिलांनी थांबवलं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू बसत नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेली बसते, पण नऊ कामगारांच्या भागीदारी संस्थेला ते पटवून देणं कठीण. तेव्हा वाट व्यावसायिक न्यायालयाची, जिथे 3 लाखांपासून पुढचे वाद चालतात, आणि तातडीचा दिलासा मागितलेला नसेल तर दाव्याआधी मध्यस्थीची पायरी चढावी लागते. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणुकीची पोलीस तक्रारही दिली आहे. त्या सगळ्यात आमच्याविरुद्ध सर्वांत जड कागद कुठला? साडेसहा वाजता सही केलेला तो फॉर्म.

म्हणून कुडाळ, सावंतवाडी, बेळगाव, कोल्हापूरकडचे जे कुणी असं मशीन घ्यायच्या विचारात असाल, त्यांना हात जोडून सांगते. स्वतःचं चामडं आणि स्वतःची डीएक्सएफ फाइल (मशीनला कापायच्या रेघा सांगणारी) घेऊन जा. अर्धं नाही, पूर्ण चामडं, पायांसकट. टेबलाच्या चारी कोपऱ्यांत आणि मध्ये 100 मिलिमीटरचा चौकोन कापायला लावा आणि व्हर्नियरने कर्ण मोजा, दोन्ही 141.4 च्या आसपास यायला हवेत. गोल काढून तो जुळतो का बघा. माहितीपत्रकावर ‘1500 मिलिमीटर प्रति सेकंद’ लिहिलेलं असतं तो पात्याचं डोकं न कापता नुसतं धावण्याचा वेग असतो, तुमच्या जाडीचं चामडं कापतानाचा वेग घड्याळ लावून तुम्हीच मोजा. जाड चामडं असेल तर पातं विजेवर थरथरतं की हवेच्या दाबावर, ते विचारा. विजेवरच्या डोक्याचा स्ट्रोक, म्हणजे पातं वरखाली होण्याचं अंतर, साधारण 1 मिलिमीटर असतो, हवेवरच्याचा 8 पर्यंत जातो. पट्ट्याच्या चामड्याला हा फरक फार मोठा आहे. ब्लोअर, कॉम्प्रेसर धरून एकूण वीजभार किती, ते आधी कळू द्या, थ्री फेजचा मंजूर भार वाढवून घ्यायला वेळ लागतो.

फेल्टचा कोपरा उचलून खाली बघा. परदेशी मशीन असेल तर आयातीच्या बिल ऑफ एंट्रीची प्रत मागा. अनुक्रमांक, बनल्याचं साल, मोटर आणि ब्लोअरची क्षमता, सॉफ्टवेअरचा परवाना कायमचा की मुदतीचा, हे सगळं कोटेशनवर लिहून घ्या आणि तेच बिलावर यायला हवं असं सांगा. निदान तीस टक्के पैसे तुमच्या शेडमध्ये तुमच्या मालावर पंधरा दिवस काम झाल्यावरच द्या. बसवणाऱ्याने सही मागितली तर त्या फॉर्मवर ‘चामड्यावर चाचणी बाकी’ असं स्वतःच्या हाताने लिहा, मग सही करा. तो गाडी चुकवेल, चुकवू दे.

काका पुन्हा रापीने कापतात. आम्ही त्यांच्या हाताखाली एक मुलगी ठेवली आहे, ती पेन्सिलीच्या खुणा शिकतेय. कर्जाचा हप्ता दर महिन्याच्या 7 तारखेला जातो.

मशीन मात्र लागणारच आहे. दोन विक्रेत्यांना फोन करून म्हटलं, आमचं चामडं घेऊन येतो. दोघांनीही विषय बदलला. तिसरा म्हणाला, ‘‘आणा, दोन आणा.’’ पुढच्या गुरुवारी निघतोय. काकांनी गोदामातलं सगळ्यांत वाईट चामडं शोधून काढलंय, गोचिडीच्या डागांनी भरलेलं, पोटाकडे सैल, आणि घडी पडू नये म्हणून पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून दाराजवळ उभं करून ठेवलंय.