क्यूसीएम की लव्ह-लहर चिप?

रक्तातलं प्रथिन ध्वनिलहरींनी ओळखायचंय, पण सेन्सर कुठला घ्यायचा यावर गाडी अडलीय? संवेदनशीलतेपासून सुरुवात करू. क्यूसीएम (क्वार्ट्झ क्रिस्टल मायक्रोबॅलन्स) म्हणजे थरथरत्या क्वार्ट्झ चकतीचा सूक्ष्म तराजू; त्याच्या 5 मेगाहर्ट्झच्या चकतीची कंपनसंख्या 1 हर्ट्झने घसरली, की दर चौरस सेंटीमीटरला साधारण 17.7 नॅनोग्रॅम चिकटले. हा हिशेब पातळ, कडक थराचा. मऊ, पाणीदार थराला तो सरळ लागत नाही. लव्ह-लहर चिपमध्ये ध्वनिलहर पृष्ठभागावरच्या पातळ थरातून आडवी हलत धावते; ही चिप शंभर मेगाहर्ट्झच्या आसपास किंवा त्याहून वर चालते, म्हणून थोडक्या वस्तुमानालाही दाद देते. फक्त रेले लहरीची, म्हणजे पृष्ठभाग वर-खाली हलवणाऱ्या लहरीची, चिप गळ्यात मारून घेऊ नका; द्रवात ती विरते. तापमानाची कटकट दोघांनाही, तुलनेसाठी प्रथिन न पकडणारा संदर्भ-सेन्सर हवाच.

प्रयोगशाळेत थराचा अभ्यास करायचा तर क्यूसीएम. रुग्णाच्या उशाशी, हातातल्या यंत्रात, थेंबभर नमुन्यावर चाचणी हवी तर लव्ह-लहर.