वाट अडवली तर: राग धरावा की दावा लावावा?

गणपतीला गावी यावं आणि बागेकडे जाणाऱ्या पाखाडीवर, म्हणजे पायवाटेवर, कुणीतरी चिऱ्याचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, घातलेला दिसावा. वहिवाट आजोबांच्या वेळची. विचारायला गेलं तर उत्तर येतं, "तुमचं आता इथे आहे काय? वर्षातून चार दिवस येता." भावकीत असं काही घडलं नाही असं घर कोकणात विरळा. मग दोनच गोष्टी हातात राहतात: ते बोलणं मनाला लावून घ्यायचं, किंवा गडग्यामागे लागायचं. ज्यांचं अजून ठरत नाही त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझा कल दुसऱ्या गोष्टीकडे आहे, हे आधीच सांगतो.

तरी राग खोटा नसतो. "समजुतीने घ्या" हा सल्ला नेहमी ज्याची वाट अडली त्यालाच मिळतो. अडवणाऱ्याच्या दारात जाऊन तो देणारा मला अजून भेटलेला नाही. अन्याय झालाय हे आपल्याला आधी कळतं ते मनाला झोंबतं म्हणूनच. ज्याला काहीच झोंबत नाही त्याची वाट पुढच्या वर्षी आणखी अरुंद होते.

अडचण त्यानंतर सुरू होते. दुखावलेल्या माणसाला हवं असतं की समोरच्याने चूक कबूल करावी, चारचौघांत मान खाली घालावी. हे देणं न देणं सर्वस्वी त्याच्याच हातात. मग अबोला येतो, एकमेकांकडची आरती बंद होते, मुलांनाही "त्यांच्या दारात जायचं नाही" असं बजावलं जातं. गडगा जागच्या जागी.

आणि मुदत चालू असते. शेताकडे किंवा बागेकडे जाणारी वहिवाटीची वाट कुणी अडवली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे दावा लावता येतो. अट अशी की अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. गणपती भाद्रपदात, शिमगा फाल्गुनात. "शिमग्याला आल्यावर बघतो एकेकाला" म्हणून मुंबईची गाडी पकडणारा माणूस परत येतो तेव्हा मुदत संपलेली असते किंवा संपत आलेली असते. पुढे उरतं दिवाणी कोर्ट, आणि तिथली वर्षं.

दाव्याला लागतं ते साधं आहे: सातबारा, गटाचा नकाशा, वाटेचे फोटो, अडथळा कधी झाला ती तारीख, वाट पूर्वापार वापरात होती असं सांगणारे दोन शेजारी. तहसीलदार स्थळपाहणी करवतात. पंचनाम्यात गडगा कुठून कुठवर आहे ते लिहिलं जातं, तुम्हाला कोण काय बोललं ते नाही. मला ते बरंच वाटतं. समोरच्याने शेवटपर्यंत चूक कबूल केली नाही तरी वाट मोकळी होऊ शकते.

हा मार्ग स्वस्त नाही. कचेरीच्या खेपा, रजा, वरच्या अधिकाऱ्याकडे गेलेलं प्रकरण, यात माणूस थकतो. महाडचं चवदार तळं कोकणातलंच. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळात 1923 साली झाला, महाड नगरपालिकेने तो 1924 मध्ये स्वीकारला, तरी अस्पृश्य मानलेल्यांना तळ्याला हात लावायची सोय नव्हती. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब आंबेडकरांनी हजारोंसह ते पाणी घेतलं. त्यानंतर महाडच्या परिषदेला जमलेल्या त्या लोकांवर हल्ला झाला. त्याहून मोठा अपमान कोणता? तरी बाबासाहेबांनी आपल्या माणसांना उलट हात उचलू दिला नाही. पुढे खटले लढले, आणि उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल आला मार्च 1937 मध्ये. दहा वर्षं. त्या लोकांचा राग कमी होता असं कोण म्हणेल? तो दहा वर्षं पुरवून वापरला गेला.

एका ठिकाणी मात्र ही तुलना लागू पडत नाही. दावा लावला म्हणून गावकीने तुम्हाला वाळीत टाकलं, शिमग्यात पालखी तुमचं घर सोडून पुढे गेली, तर तिथे अपमान हाच गुन्हा आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धच्या महाराष्ट्राच्या 2016 च्या कायद्यात त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. तिथे गिळून बसू नका, पोलीस ठाणं गाठा.

नुसतं कुणी टोचून बोललं, वाट-पाणी-हक्क काही अडलं नाही, तर सोडून द्या. त्यात तुमची सुट्टी घालवू नका.

वाट अडली असेल तर रात्रभर हवं तेवढं चिडा. सकाळी गडग्याचे फोटो काढा, तारीख लिहून ठेवा, शेजाऱ्यांना जबाब देणार का ते विचारा. घराकडची वाट असेल तर कोणतं कलम लागतं ते वकिलाला आधी विचारा. बागेची असेल तर गौरी-गणपती विसर्जनानंतर एक दिवस जास्त थांबा, दावा दाखल करा आणि पोच घेऊनच गाडीत बसा.