दूध आटलं नव्हतं, पंपाची झडप गेली होती

बाळ साडेचार महिन्यांचं असताना मी कामावर रुजू झाले. तेव्हापासून हा दोन्ही बाजूंचा, चार्जिंगवर चालणारा ब्रेस्ट पंप रोज माझ्यासोबत असतो. सात महिने वापरून लिहितेय. पहिल्याच आठवड्यात लिहिलं असतं तर एकच तारा दिला असता.

त्या आठवड्यात वीस मिनिटं बसूनही बाटलीचा तळ जेमतेम झाकायचा आणि निपल सोलवटून निघायचे. खोक्यात २४ आणि २८ मिमीचे फनेल, म्हणजे स्तनावर लावायची नरसाळी, आले होते. मी २४चा लावला, मापाचा विचारच केला नाही. स्तनपान सल्लागार ताईंनी पट्टी लावून पाहिलं तर निपल १६ मिमीचं! मोठ्या फनेलमध्ये भोवतीचा काळा भागही आत ओढला जात होता, म्हणून दुखायचं आणि दूधही नीट सुटायचं नाही. लहान मापाचं फनेल वेगळं मागवलं आणि त्याच वीस मिनिटांत दोन्ही मिळून शंभर-एकशेदहा मिली येऊ लागलं. ही मापं कंपनीने खोक्यातच द्यायला हवीत. सगळ्या बायका एका मापाच्या नसतात.

पंप मात्र चांगला आहे. सुरुवातीला दोन मिनिटं भराभर हलके झटके देतो आणि पान्हा फुटला की सावकाश, खोल ओढतो. दूध नळीत शिरत नाही. आवाज आहे, पण दाराबाहेर जात नाही. हाताने छाती वरून खाली हलकेच दाबत राहिलं की शेवटी अजून थोडं निघतं.

तिसऱ्या महिन्यात चार दिवसांत दूध एकशेदहावरून साठवर आलं. दूध आटलं असं समजून मी दार लावून रडले. पाचव्या दिवशी भाग धुताना सिलिकॉनची ती चोचीसारखी पांढरी झडप उजेडात धरली. तिची चीर ओठांसारखी घट्ट मिटलेली असायला हवी, पण त्यातून पलीकडचा उजेड दिसत होता. तिथूनच सगळी ओढ वाया जात होती. मी ती रोज ब्रशने घासत होते, तीच चूक झाली. नवी झडप बसवली आणि दुसऱ्या दिवशी पंचाण्णव मिली आलं. माहितीपुस्तिकेत झडप बदलण्याबद्दल एक ओळही नाही, याचा मला खरंच राग आहे. छाती नीट रिकामी झाली नाही तर शरीर दूध बनवणंच कमी करतं. झडप अशीच राहिली असती तर दूध खरोखर आटलं असतं.

मधल्या काळात सावरलं ते रात्रीच्या पाजण्याने. दूध बनवायला लावणारं प्रोलॅक्टिन हे हार्मोन रात्री जास्त असतं, म्हणून रात्री आणि पहाटे अंगावर पाजणं मी सोडलं नाही. कामावर दर तीन तासांनी पंप, घरी बाळ, असं चालू आहे.

धुणं कंटाळवाणं आहे. एका बाजूचे पाच भाग, म्हणून मी दुसरा संच घेतला. काढलेलं दूध लगेच फ्रीजमध्ये ठेवते, तिथे ते चार दिवस टिकतं. खोलीत २५ अंशांपर्यंत असेल तर चार तास. बाटलीवर वेळ लिहायची पट्टी आहे, पण पेनाची शाई तिच्यावर टिकत नाही. मी कागदी चिकटपट्टी लावते.

चार तारे. घेणार असाल तर आधी निपलचं माप घ्या आणि झडपांची एक जादा जोडी पंपासोबतच मागवा. माझी आता पिशवीच्या आतल्या खणात, छोट्या डबीत असते.