हार्लेक्विन श्रिंपची जोडी: ॲस्टेरिना संपले, आता यांना काय खायला घालू?

हा अनुभव लिहायला बसलोय तो मुळात रागाने, आधीच सांगतो. माझ्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये ॲस्टेरिना नावाचे बारके तारामासे माजले होते, ते खाऊन संपवायला ही श्रिंपची (कोळंबीची) जोडी आणली होती. जोडी घेताना विक्रेत्याने स्वतःहून सांगितलं होतं, "दादा, टँकमधले ॲस्टेरिना संपले की आणून द्या परत, आम्ही ठेवून घेऊ, त्यात काय एवढं." त्या एका वाक्यावर मी हार्लेक्विन श्रिंप घेतले, नाहीतर घेतलेच नसते. काही महिन्यांनी डिस्प्लेमध्ये (मुख्य टँकमध्ये) औषधालासुद्धा ॲस्टेरिना उरला नाही तेव्हा फोन केला, तर उत्तर काय, "गिऱ्हाइकाच्या टँकमधला माल आम्ही परत घेत नाही, रोगराई येते." आणि विकताना तुमच्या टँकमधून माझ्याकडे येत नव्हती का रोगराई? शिवाय माल काय माल, जिवंत जोडी आहे ती.

असो. आधी श्रिंपबद्दल.

ॲस्टेरिना कसे घुसतात, लाइव्ह रॉकवरून (जीवजंतू असलेल्या समुद्री दगडावरून) का फ्रॅग प्लगवरून (कोरलचा तुकडा, म्हणजे फ्रॅग, चिकटवतात त्या बैठकीवरून), ते सांगत बसत नाही, ज्याच्याकडे रीफ टँक आहे त्याने ते काचेवर पाहिलेलेच असतात. नखाएवढे, मळकट पांढरे, अंगाच्या हातांपैकी दोन-तीन मोठे आणि बाकीचे बारके, कारण हा प्राणी मधोमध फाटतो आणि दोन्ही अर्धे आपापले उरलेले हात उगवून घेतात. त्यामुळे एक आला की कल्याण. वाद एवढाच असतो की हे त्रासदायक आहेत का नाहीत. "फिल्म अल्गी (शेवाळाचा पातळ थर) खातात बिचारे, राहू दे" म्हणणारे खूप आणि बहुतेकांच्या टँकमध्ये ते खरंही असतं. पण सरसकट ॲस्टेरिना म्हणून जे चालतं त्यात बऱ्याच जाती आहेत, 2004 मध्ये तर त्यातल्या कितीतरी काढून ॲक्विलोनास्ट्रा नावाच्या वेगळ्या वंशात टाकल्या, म्हणजे तुमचे गरीब निघाले म्हणून माझेही गरीबच असतील असं काही नाही.

माझे नव्हते. रात्री झोआंवर (गुच्छाने वाढणारे कोरलसारखे मऊ जीव) चढून बसायचे, सकाळी उचलला की खालचा पॉलिप (गुच्छातला एकेक जीव) आक्रसलेला. कोरलाइनवर (रॉकवरचं कडक जांभळं शेवाळ) तर पांढरे डाग ठिकठिकाणी. हे तारामासे पोट तोंडातून बाहेर काढून बसल्या जागी खालचं पचवतात, म्हणून डाग बरोबर त्यांच्या अंगाएवढा पडतो. काही जण म्हणाले की पॉलिप आधीच मरायला टेकलेला असतो आणि हे नंतर येतात. म्हणून एकाच कॉलनीचे दोन फ्रॅग घेतले, एक वेचून साफ करून वर रॅकवर ठेवला, एक तसाच खाली राहू दिला. वरचा फुलला, खालचा मिटलेलाच. माझ्यापुरता निकाल लागला.

फुकटातले उपाय आधी सगळे करून झाले, मी तसा चिकट माणूस आहे. लाइट बंद झाल्यावर तासाभराने टॉर्च घेऊन बसायचं, चिमट्याने वेचायचे नाहीतर एअरलाइन ट्यूबने ओढायचे, ट्यूबचं दुसरं टोक बादलीत, संपमध्ये (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत) नाही. ब्लेडने काच खरवडताना मात्र जपून, कारण तुकडा झाला आणि त्यात मधल्या चकतीचा भाग असला की तो जगू शकतो आणि तुम्ही एकाचे दोन करून ठेवता. वेचून संख्या कमी होते, पण काचेवरचे वेचले तरी रॉकच्या आतल्यांचं काय करणार. औषधाचा विचारही करू नका, कॉपर (तांब्याचं औषध) टाकलं की ॲस्टेरिनाबरोबर गोगलगायी, श्रिंप, कोरल सगळंच जाईल, आणि रॉकमध्ये मुरलेलं कॉपर पुढे सुटत राहील ते वेगळंच.

तर जोडी आली. मादी जरा मोठी आणि तिच्या पोटाखाली रंगीत ठिपके, नराचं पोट कोरं, हे बघूनच घ्या, नाहीतर जोडीच्या नावाखाली दोन माद्या हातात पडतात. माझी खरंच जोडी निघाली, एवढं श्रेय त्या विक्रेत्याला द्यायलाच हवं. सॅलिनिटीतला (पाण्याच्या खारेपणातला) फरक यांना अजिबात सोसत नाही म्हणून ड्रिप (टँकचं पाणी थेंबथेंब मिसळून सवय करणं) अगदी सावकाश लावलं, तेव्हाही पहिले काही दिवस दोघं रॉकखाली असे गडप झाले की मी मेले म्हणूनच धरून चाललो होतो.

मग एका रात्री लाल टॉर्च मारला तर मादी काचेवर. समोर एक ॲस्टेरिना चिकटलेला. तिने पुढच्या बारीक नांग्या त्याच्या कडेखाली सरकवल्या, जरा थांबली, परत सरकवल्या, आणि तो काचेवरून सुटला. सुटल्याबरोबर उलटा केला. मग त्या मोठ्या पानासारख्या चपट्या नांग्यांनी धरून डुलत डुलत बिळाकडे नेला, उलट्या पडलेल्या स्टारचे बारीक पाय हवेत चाचपडल्यासारखे पाण्यात हलत होते आणि ती एकेक पाय उपटून तोंडात घालत होती. नर दुसऱ्या बाजूने येऊन चिकटला. मी स्किमरचा (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राचा) कप धुवायला उठलो होतो, ते राहिलंच.

निसर्गात हे स्वतःपेक्षा कितीतरी मोठ्या स्टारवर जातात. पनामाच्या पॅसिफिक किनाऱ्यावर पीटर ग्लिन यांनी 1970 च्या दशकात पाहिलं होतं की हेच श्रिंप क्राउन ऑफ थॉर्न्स या मोठ्या काटेरी तारामाशावरसुद्धा हल्ला करतात. हे इतके पाच सेंटिमीटरच्या आतबाहेरचे! त्यांच्यापुढे ॲस्टेरिना म्हणजे चणेफुटाणे. काही आठवड्यांत काच साफ, मग रॉक साफ, कोरलाइनचे पांढरे डाग हळूहळू परत जांभळे झाले, झोआ दिवसभर उघडे. कोरलला, माशांना, गोगलगायींना कशालाही हात लावला नाही. कामाचे पाचपैकी पाच.

आता खरी कटकट, आणि बाकी काही वाचू नका पण हे वाचा. हे श्रिंप फक्त तारामासेच खातात. पेलेट नाही, मायसिस नाही, नोरी नाही, काही नाही. रोजंदारीवर आणलेल्या माणसाने काम संपल्यावर घरातच मुक्काम ठोकावा तशी गत. ॲस्टेरिना संपले त्या दिवसापासून यांना खायला घालायची जबाबदारी तुमची, आणि ही गोष्ट विकताना कोणी ठळकपणे सांगत नाही, "परत घेऊ" एवढंच सांगतात.

मग लोक चॉकलेट चिप स्टार आणतात. आता हिशेब बघा. तो स्टार विकत घ्यायचा. डिस्प्लेमध्ये ठेवता येत नाही कारण तो स्वतः स्पंज, कोरल खातो, म्हणून वेगळा कप्पा. तो जिवंत ठेवायचा तर त्याला खायला घालायचं. मग आठ-पंधरा दिवसांनी त्याचा एक हात कापायचा आणि या दोघांना द्यायचा, हात परत उगवतो पण इतका सावकाश की यांची भूक थांबत नाही. म्हणजे श्रिंप पाळायला स्टार पाळायचा, आणि स्टार पाळायला आणखी काहीतरी आणायचं. दुसरा रस्ता म्हणजे अख्खा स्टार कापून फ्रीजरमध्ये ठेवायचा. तेही केलं. घरातून लगेच विचारणा झाली, "अहो, त्या डब्यात काय आहे? आणि बर्फाच्या शेजारीच का?" शिवाय हे दोघं आतलं मऊ तेवढं खातात आणि कडक साल टाकून देतात, ती वेळेवर काढली नाही तर कुजते. माझा टँक काही मोठा नाही, एकदा साल रॉकमागे राहिली आणि नायट्रेट लगेच वर चढलं. हे सगळं मिळून या जोडीला पाचपैकी दोन गुण द्यायचे असं ठरवूनच वरचं सगळं लिहिलं होतं.

मध्ये काही दिवस गेले, आता मत थोडं बदललंय, वरचं खोडत नाही, तसंच राहू दे.

झालं असं की संप साफ करायला घेतला तर रेफ्युजियमच्या (शेवाळ वाढवायच्या) कप्प्यात, चेटोच्या (त्या शेवाळाच्या गुंत्याच्या) खाली, ओव्हरफ्लोच्या पाइपवर, सगळीकडे ॲस्टेरिना. श्रिंप तिथे पोचूच शकत नव्हते. आधीचा मी असतो तर ते खरवडून फेकले असते. आता तिथली काच मुद्दाम खरवडत नाही, अल्गी चढू देतो, अधूनमधून अल्गी वेफरचा तुकडा टाकतो, आणि दर काही दिवसांनी मूठभर वेचून वर डिस्प्लेमध्ये सोडतो. सोडले की दोघं बिळातून बाहेर येतात, ते पानांसारखे अँटेना हलवत, काय तो थाट. रिटर्न पंपातून एखादा बारका वर गेलाच तरी चिंता नाही, वर पोलीस आहेतच. ज्यांच्या मागे वर्षभर चिमटा घेऊन लागलो त्यांचीच आता शेती करतोय, हे मला हास्यास्पद वाटतं पण फुकट पडतं, आणि फुकट पडतं म्हटल्यावर माझी तक्रार निम्मी कमी होते. सगळी नाही. नुसत्या संपमधल्या ॲस्टेरिनावर दोघांचं पोट भरत नाही, मधूनमधून फ्रीजरमधला हात काढावाच लागतो, पण आता तो डबा बराच जास्त पुरतो.

दुसरं म्हणजे जोडी उसनी द्यायला लागलो. ओळखीच्या एकाच्या टँकमध्ये ॲस्टेरिनाचा सुळसुळाट होता, त्याला म्हटलं घेऊन जा, तुझं काम होईल, माझे खाण्याचे वांधे मिटतील. जोडी गेली, त्याची काच साफ झाली, आणि दोघं परत आले ते चांगले गुटगुटीत होऊन. हेच त्या विक्रेत्याने केलं असतं तर त्याच्या प्रत्येक गिऱ्हाइकाचं काम झालं असतं आणि जोडीही उपाशी राहिली नसती, पण तेवढं डोकं चालवेल तर ना. उसनी देताना मी आता तीन गोष्टी विचारतोच: टँकमध्ये कधी कॉपर वापरलंय का, सॅलिनिटी किती आहे, आणि हॉकफिश, ट्रिगर, पफर या श्रिंप खाणाऱ्या माशांपैकी कोणी आहे का. यातल्या कुठल्याही उत्तरावर "बहुतेक" असं आलं की जोडी जात नाही. फार वेळा इकडून तिकडे हलवणंही बरं नाही, दर वेळी ड्रिपचा ताण पडतोच.

बाकी किरकोळ. मोल्ट केलं की मागे पडलेली कात हुबेहूब मेलेल्या श्रिंपसारखी दिसते, घाबरून विक्रेत्याशी भांडायला जाऊ नका, आधी बिळात टॉर्च मारा. लिंकिया, सँड सिफ्टिंग स्टार असले शौक असतील तर ही जोडी विसरा, ते सगळे यांचं जेवण आहे. रॉकमधले बारके ब्रिटल स्टार माझ्याकडे मात्र शाबूत आहेत. पंपाच्या तोंडाला जाळी लावा.

टँक लहान असेल आणि काचेवर चार-पाच ॲस्टेरिना दिसले म्हणून घाबरून ही जोडी आणायचा विचार असेल तर आणू नका, चिमटा घ्या, खाणं कमी टाका. ॲस्टेरिनाने खरंच उच्छाद मांडला असेल आणि झोआ मिटत असतील तर आणा, पण त्याआधी एक छोटा कप्पा ॲस्टेरिनासाठी राखून ठेवा आणि "परत घेऊ" म्हणणाऱ्याकडून बिलावर लिहून घ्या. आजच्या तारखेला पाचपैकी साडेतीन देतो. अर्धा विक्रेत्याने घालवला, उरलेला या दोघांच्या जिभेच्या नखऱ्यांनी.

आणि हो, तुम्ही रात्री वेचलेले ॲस्टेरिना फेकून देत असाल तर फेकू नका, टँकच्या पाण्यासकट पिशवीत भरून मला द्या, मी येऊन घेऊन जाईन. फक्त डिप केलेले (औषधाच्या पाण्यात बुडवलेले) किंवा कॉपरच्या टँकमधले नकोत.