डांबर संपल्यावर: हॅरिअर ईव्ही क्यूडब्ल्यूडी की थार रॉक्स डिझेल?

तीस लाखांच्या आत फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी घ्यायची आणि ती इलेक्ट्रिकच हवी, असं ठरवून शोधायला निघालात तर यादी लगेच संपते. महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या गाड्या दिसायला दणकट असल्या तरी बाजारात आल्या तेव्हा दोघींचीही ताकद फक्त मागच्या चाकांना होती. जून २०२५ मध्ये आलेल्या टाटा हॅरिअर ईव्हीच्या सर्वांत वरच्या मॉडेलात, म्हणजे क्यूडब्ल्यूडीत, पुढे एक आणि मागे एक अशा दोन मोटर आहेत. म्हणून प्रत्यक्षात तुलना करावी लागते ती महिंद्राच्याच थार रॉक्स डिझेल फोर-बाय-फोरशी. एक पिंपरीत बनते, दुसरी नाशिकला.

किमतीचं आधी उरकून घेऊ. क्यूडब्ल्यूडी आली तेव्हा तिची एक्स-शोरूम किंमत २८.९९ लाख होती, तर फोर-बाय-फोर रॉक्स २०२४ मध्ये १८.७९ लाखांपासून सुरू झाली. कागदावर फरक दहा लाखांचा दिसतो. पण सगळ्या सोयी असलेली ऑटोमॅटिक रॉक्स घेतली, तिच्यावरचा महाराष्ट्रातला १४-१५ टक्के रोड टॅक्स धरला आणि इलेक्ट्रिकला तो माफ आहे हे लक्षात घेतलं, की फरक बराच कमी होतो. त्यात राज्याच्या २०२५ च्या धोरणानुसार अटल सेतू, समृद्धी आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर इलेक्ट्रिक मोटारींना टोलमाफी आहे. तेव्हा निव्वळ किमतीवरून निर्णय करू नका.

आता चिखल. पावसाळ्यात शेताकडे जाणारी पाणंद, ओला जांभा, ओढ्याकाठची निसरडी चढण, अशा ठिकाणी हॅरिअर मला रॉक्सपेक्षा सरस वाटते. तिच्या पुढच्या आणि मागच्या चाकांना जोडणारा दांडा, म्हणजे शाफ्टच नाही. कुठल्या बाजूला किती जोर द्यायचा हे कॉम्प्युटर ठरवतो, आणि मोटरचा जोर क्षणात कमी-जास्त होत असल्यामुळे चाक फिरायला लागायच्या आतच आवरलं जातं. दोन्ही मोटर मिळून ५०४ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोर आहे आणि तो शून्य वेगापासून हाताशी असतो. क्लच जळण्याची भीती नाही, चढणीच्या मध्यावर गिअर चुकण्याचा प्रश्न नाही. नवख्या माणसाला ही गाडी फार सांभाळून घेते.

दगड लागले की पारडं फिरतं. रॉक्सला लो रेंज आहे, म्हणजे इंजिनाचा वेग कायम ठेवून चाकं मुंगीच्या गतीने पण प्रचंड जोराने फिरवणारा गिअर. हॅरिअरच्या मोटरना एकच गिअर. तीव्र चढावर एका जागी अडखळत, पुन्हा पुन्हा जोर लावत राहावं लागलं तर मोटर आणि तिची इलेक्ट्रॉनिक्स तापतात. टाटांनी केरळातल्या वागमोनच्या एलिफंट रॉकवर ही गाडी चढवून दाखवली, ते खोटं नाही. पण एक चढ जिंकणं वेगळं आणि दिवसभर दगडांतून रांगणं वेगळं.

खोल चाकोऱ्यांत एक चाक अधांतरी राहतं तेव्हाचा फरक तर अगदी मुळातला आहे. रॉक्सच्या मागे अखंड ॲक्सल, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच दांडा आहे; एक चाक वर गेलं की दुसरं खाली दाबलं जातं, आणि ज्या मॉडेलांत सोय आहे त्यांत मागचा डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांत जोर वाटणारा भाग, चक्क लॉक करता येतो, मग दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात. हॅरिअरमध्ये हवेत फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून जोर दुसऱ्या चाकाकडे ढकलला जातो. हे काम होतं, पण क्षणभर उशिरा, आणि तोवर गाडी मागे घसरलेली असू शकते.

पोटाचंही बघा. गाडी न घासता किती उभ्या चढ-उतारावर जाते हे कोनांवरून कळतं: रॉक्सचा पुढचा कोन ४१.७ अंश, मागचा ३६.१ आणि पोटाखालचा २३.९. हॅरिअर या तिन्हींत मागे आहे, आणि तिच्या पोटाखाली बॅटरी आहे. बॅटरीवर पहिल्या मालकाला मोठी वॉरंटी मिळते, पण दगडावर आपटून झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. तो विम्याचा विषय आहे. टायरचंही तेच. हॅरिअरच्या १९ इंची टायरची भिंत साधारण १३५ मिलिमीटर, तर १८ इंची रॉक्सची १६५ च्या पुढे. हवा कमी करून वाळूत किंवा दगडांत उतरायचं तर ही तीन सेंटिमीटरं फार कामाची.

किती खोल पाण्यातून जाता येतं यात दोघी जवळपास सारख्या: हॅरिअर ६०० मिलिमीटर, रॉक्स ६५०. हे आकडे संथ पाण्याचे आहेत. वाहत्या ओढ्यात दोन्हीपैकी कुठलीही घालू नका. आणि समुद्रकिनाऱ्यावर तर नकोच. गोव्यात त्याला कायद्याने बंदी आहे, कोकणातही गुन्हे दाखल होतात, आणि खारं पाणी कुठल्याच गाडीला मानवत नाही.

चार्जिंगचा हिशोब मात्र शांतपणे बसून करायला हवा. क्यूडब्ल्यूडीची बॅटरी ७५ युनिटची. एका चार्जमधली प्रमाणित रेंज ६२२ किलोमीटर, पण कंपनीच प्रत्यक्ष वापरात ४६० ते ४९० सांगते, म्हणजे युनिटला सहा किलोमीटरच्या आसपास. कच्च्या वाटेवर, एसी चालू ठेवून, मी योजना करताना तीनच धरतो. शिवाय घाट. माणसं-सामानासह अडीच टन वजन हजार मीटर वर न्यायला जवळपास सात युनिट निव्वळ चढण्यात जातात. उतरताना मोटर ब्रेकसारखी वागून बॅटरी भरते आणि त्यातला बराच भाग परत मिळतो, पण बॅटरीत जागा असेल तरच. म्हणून महाबळेश्वरला रात्री शंभर टक्के भरून सकाळी घाट उतरू नका. ८५ वर थांबा, उतारावर मोटरचा ब्रेकही नीट लागेल.

१२० किलोवॅटच्या यंत्रावर २० ते ८० टक्के २५ मिनिटांत होतात, असं कंपनी सांगते. पण वाटेत भेटणारी बरीच यंत्रं ६० ची किंवा ३० ची असतात. तेवढ्याच ४५ युनिटना ६० वर पाऊण तासाच्या पुढे आणि ३० वर दीड तास लागतो. डोंगरातल्या होमस्टेमध्ये १५ अँपिअरचा सॉकेट मिळाला तर रात्रीच्या दहा तासांत तीसेक युनिट येतात, म्हणजे दुसऱ्या दिवशीचे दीडशे डांबरी किलोमीटर. खोली बुक करतानाच विचारा: सॉकेट किती अँपिअरचा आहे, अर्थिंग आहे का, रात्री वीज जाते का. अर्थिंग नसेल तर पोर्टेबल चार्जर सुरूच होत नाही. युनिटचे पैसे आपणहून द्या. गावातल्या माणसाला बिल आल्यावर धक्का बसू नये. सोबत दुसरी इलेक्ट्रिक गाडी असेल तर हॅरिअर तिला स्वतःची वीजही देऊ शकते. अडकलेल्या सोबत्याला सर्वांत जवळच्या चार्जरपर्यंत पोहोचवायला तेवढं पुरतं.

रॉक्सची टाकी ५७ लिटरची. लिटरला दहा किलोमीटर धरले तरी साडेपाचशेच्या वर जाते आणि भरायला पाच मिनिटं लागतात. मनाली-लेह रस्त्यावर तांदीच्या पंपाजवळ पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची प्रसिद्ध पाटी आहे. रॉक्सला ते अंतर जमतं. हॅरिअरला मनालीपासून त्याच रस्त्यावरच्या बारालाचा खिंडीपर्यंत चढतानाच एकोणीसेक युनिट, म्हणजे पाव बॅटरी, निव्वळ उंचीसाठी खर्चावी लागते. त्यात थंडीत बॅटरी चार्जिंग सावकाश घेते. विरळ हवेत मोटरची ताकद मुळीच घटत नाही ही तिची जमेची बाजू, पण त्या वाटेवर अडचण ताकदीची नाही.

नकाशावर तुमची नेहमीची वाट काढा. डांबर जिथे संपतं, तिथून मागे खात्रीचा जलद चार्जर किती दूर आहे ते मोजा. परतीचा कच्चा भाग धरून हे शंभर किलोमीटरच्या आत बसत असेल आणि वाटेत मोठे दगड नसतील, तर हॅरिअर घ्या. पुण्या-कोल्हापुराहून शेतावर, कोकणातल्या वाडीवर किंवा पावसाळी घाटांत जाणाऱ्या बहुतेकांचं यात छान भागेल. ७५ युनिटच्या एका मोटरच्या हॅरिअरपेक्षा क्यूडब्ल्यूडीला सुरुवातीला दीड लाख जास्त होते. ओल्या चढणीसाठी ते जरूर द्यावेत. दरवर्षी स्पिती-लडाख करणार असाल किंवा क्लबबरोबर दगडांत उतरणार असाल, तर यंदा रॉक्सच, आणि तीही मागचा लॉक असलेलीच.