हँडशेकनंतर समोरचं सर्टिफिकेट: पाठवलेली चेन घ्यावी की पडताळलेली?

टीएलएस हँडशेक (सुरक्षित कनेक्शन जुळवण्याची सुरुवातीची बोलणी) झाल्यावर कोडमध्ये दोन वेगळ्या गोष्टी मागता येतात: समोरच्याने पाठवलेली चेन (प्रत्येकावर पुढच्याची सही असलेल्या सर्टिफिकेटांची साखळी) आणि आपल्या लायब्ररीने विश्वासू रूटपर्यंत, म्हणजे साखळीच्या टोकाच्या सर्टिफिकेटपर्यंत, जुळवलेली चेन. पहिलीत जुनं इंटरमीजिएट (मधल्या कडीचं) किंवा भलतंच सर्टिफिकेट असू शकतं; रूट तर बहुधा नसतंच. मॉनिटरिंगला हीच घ्या, कारण सर्व्हर प्रत्यक्षात काय पाठवतो तेच तिथे तपासायचं असतं. सीए पिनिंगला (ठरावीक सीएचीच, म्हणजे सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचीच, सर्टिफिकेटं स्वीकारायची अट) मात्र पडताळलेलीच हवी. पाठवलेल्या चेनमध्ये पिन शोधलात, तर हल्लेखोराने अपेक्षित सीएचं सर्टिफिकेट नुसतं शेवटी जोडलं तरी तुमची तपासणी पास होते.

पायथॉनमध्ये 'गेटपीअरसर्ट()' डिक्शनरी देतं, पण 'सर्ट_नन' (पडताळणी बंद) लावलं असेल तर ती रिकामी येते. एरर येत नाही, म्हणून सर्व्हरने सर्टिफिकेटच दिलं नाही असं वाटतं. सेल्फ-साइन्ड (स्वतःच सही केलेलं सर्टिफिकेट वापरणारा) सर्व्हर तपासताना 'बायनरी_फॉर्म=ट्रू' द्या; डीईआर बाइट्स (सर्टिफिकेटचं बायनरी रूप) मिळतात, पण फक्त लीफचे, म्हणजे खुद्द समोरच्याच्या सर्टिफिकेटचे. पूर्ण चेनसाठी 3.13 पासून 'गेट_व्हेरिफाइड_चेन()' आणि 'गेट_अनव्हेरिफाइड_चेन()' आहेत. इथला सापळा वाईट आहे: पडताळणी बंद असेल, तर पहिलं फंक्शन गुपचूप दुसऱ्यासारखंच वागतं. नावावर विसंबू नका.

गो भाषा याबाबत सगळ्यात स्वच्छ. 'कनेक्शनस्टेट()'मध्ये 'पीअरसर्टिफिकेट्स' आणि 'व्हेरिफाइडचेन्स' वेगळे मिळतात. 'इनसिक्योरस्किपव्हेरिफाय' लावलं की क्लायंटकडे दुसरं रिकामंच राहतं. मात्र 'टीएलएस.क्लायंट()'ने सॉकेट गुंडाळलं असेल तर पहिल्या रीड-राइटपर्यंत हँडशेक होत नाही. त्याआधी यादीतल्या शून्याव्या (पहिल्या) सर्टिफिकेटला हात लावला की पॅनिक, म्हणजे प्रोग्राम कोसळतो. म्हणून आधी 'हँडशेक()' बोलवा आणि त्याची एरर पाहा.

सीमध्ये ओपनएसएसएल लायब्ररी वापरताना खरी काळजी घ्यावी लागते. 3.0 पासून समोरचं सर्टिफिकेट देणारं 'गेट1' नावाचं फंक्शन रेफरन्स (वापराची मोजणी) वाढवतं, त्यामुळे 'एक्स509_फ्री' न केल्यास मेमरी गळते. 'गेट0'वाल्याने दिलेलं फ्री करायचं नाही. 'गेट_पीअर_सर्ट_चेन' क्लायंटकडे लीफसकट येते, सर्व्हरकडे लीफशिवाय. सेशन रिझ्युम झालं (आधीचंच पुन्हा वापरलं) असेल तर ती नल (रिकामी) येते, म्हणून 'सेशन_रीयूज्ड' आधी तपासा. आणि 'गेट_व्हेरिफाय_रिझल्ट' एकटं कधीच पुरत नाही: समोरून सर्टिफिकेट आलंच नसेल तरी ते 'ओके'च सांगतं. आधी सर्टिफिकेट नल नाही ना ते पाहा, मग निकाल वाचा.