केगचा केटल घेताना मी फसलो, तुम्ही नीट बघून घ्या

मी न्यू जर्सीत राहतो, घरी बिअर बनवायला लागून तीन वर्षं झाली. इथे १९७९ पासून फेडरल कायद्याने घरच्यापुरती बिअर बनवता येते, दोन मोठी माणसं असतील तर वर्षाला २०० गॅलनपर्यंत, त्यामुळे लपूनछपून काही नाही. पाच गॅलनच्या पातेल्यातून दहावर जायचं होतं आणि सगळे म्हणतात तसं हाफ बॅरलचा स्टीलचा केग, म्हणजे ब्रुअरी बिअर भरून देते ते साडेपंधरा गॅलनचं पिंप, वरून कापून त्याचा केटल, म्हणजे बिअर उकळायचं मोठं पातेलं करायचं. ग्राइंडर हातात धरायची हिंमत नव्हती म्हणून तयार घ्यायचं ठरवलं, तिथेच चुकलं.

एका जाहिरातीत २४० डॉलरला मिळाला. माणूस बोलायला एकदम गोड, घरी गेलो तर गराजमध्ये अजून चार केग उभे. मी विचारलं केग कुणाचा, तर म्हणाला दुकानात डिपॉझिट भरलंय, म्हणजे माझाच की. मला ते पटलं. आता कळतंय की डिपॉझिट म्हणजे केगची किंमत नव्हेच, ती परत आणायची हमी असते, केग ब्रुअरीचाच राहतो आणि नवीन घ्यायचा तर त्यांना शंभर डॉलरच्या वर पडतो. व्हॉल्व्ह जोडायचं कपलिंग आर्गॉन वायू लावून, म्हणजे हवा दूर ठेवून, वेल्ड केलंय असंही छातीठोकपणे सांगितलं. मी कॅश दिली, पावती मागितली नाही.

पहिली दहा गॅलन पेल एल बिअर ठीक झाली असं वाटलं. दुसऱ्या वेळेला चवीत काहीतरी, ओठ फुटल्यावर जीभ लागते ना तशी लोखंडाची चव. तिसऱ्या वेळेला धुताना व्हॉल्व्हखाली नारिंगी ओघळ दिसला. फ्रिजवरचा मॅग्नेट आणून लावला तर केगच्या स्टेनलेस अंगाला चिकटेना आणि कपलिंगला टचकन बसला. वेल्डजवळ थोडंसं ओढलं जाणं चालतं, पण हे घट्ट, म्हणजे कपलिंग साधं लोखंडी. ऑफिसातला एक मित्र आधी डेअरीच्या पाइपांचं वेल्डिंग करायचा, त्याने आत हात घालून बोट फिरवलं आणि म्हणाला, अरे हे बघ, करपलेल्या पाकासारखं काळं खरबरीत. आतून आर्गॉन न लावता वेल्ड केलं की असं होतं, त्याला ते लोक शुगरिंगच म्हणतात, त्या खाचांत वर्ट, म्हणजे आंबवायच्या आधीचं बिअरचं गोड पाणी, अडकतं, गंज धरतो आणि कितीही घासा निघत नाही.

मग त्याने टॉर्च आडवा धरून वरची कड दाखवली. मला पॉलिश वाटलेला पट्टा खरं तर ग्राइंडरने खरवडलेला होता, आणि त्याखाली अर्धवट अक्षरं, प्रॉपर्टी, पुढे ब्रुअरीचं नाव. इतके दिवस मी चोरीच्या मालात वर्ट उकळत होतो, बायकोला सांगताना मान वर होईना. विकणाऱ्याला मेसेज केला तर ब्लॉक. ब्रुअरीला फोन करून सगळं खरं सांगितलं, त्यांनी शांतपणे ऐकलं आणि आणून द्या म्हणाले, दिला.

तुम्हाला घ्यायचाच असेल तर मॅग्नेट खिशात घेऊन जा, आतल्या वेल्डवरून बोट फिरवा, वरची कड उन्हात तिरकी धरून वाचा आणि केग कुठून आला याचा कागद मागा. स्वतः करणार असाल तर ब्रुअरीने मोडीत काढून विकलेला केग घ्या, कापायच्या आधी आतलं प्रेशर पूर्ण सोडा, यात अजिबात घाई नको. आणि वेल्डिंगची गरजच नाही, स्टेप बिटने, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांच्या ड्रिल बिटने, कटिंग ऑइल टाकत हळू स्पीडवर भोक पाडून सिलिकॉनच्या ओ-रिंगचं फिटिंग बसवता येतं, स्टील जोरात ड्रिल केलं तर उलट कडक होतं आणि बिट जातो.

मागच्या शनिवारी तीच जाहिरात परत दिसली. तोच फोटो, आतली बाजू एकाही फोटोत नाही, किंमत आता २००.